बिनभोकाचा पालक

"घ्या ताई, आज एकबी अळी सापडायची नाही!" सगुणामावशींनी पालकाची जुडी माझ्यापुढे उलगडली. हिरवीगार, तकतकीत पानं. कुठे भोक म्हणून नाही.

मागच्या बुधवारच्या बाजारात मीच त्यांच्यावर चिडले होते. लेकीला नुकताच वरणभातात पालक कालवून भरवायला लागले होते आणि नेमकी पानावर अळी निघाली. "दुकानातला पालक बघा," मी चार बायकांदेखत सुनावलं होतं, "वर 'सेंद्रिय' छापलेलं असतं, आणि एक पान किडकं नसतं!" दुकानातला पालक कुठून येतो, मला काय ठाऊक? मी फक्त लेबल वाचलं होतं.

"काय केलंत मावशी?"

"तुमच्यापुरतं एका वाफ्याला औषध मारलं परवा. आजवर कधी मारलं नव्हतं. पण म्हटलं, लेकरू खाणार."

माझा हात जुडीवरच राहिला. टोपलीच्या तळाशी चाळणीसारखी भोकं पडलेला पालक दिसत होता.

"मला तो द्या ना."

"अगंबाई, तुम्हाला किडका देऊ व्हय? त्यो माझ्या नातीला. ती खाती कसाबी. आन् हा आवडला तर सांगा, पुढच्या खेपेला समद्याच वाफ्यांना मारते."

"नको हो मावशी," मी म्हणेपर्यंत त्या दिवशीच्याच बायका पुढे सरकल्या होत्या.

"मावशी, आम्हालाही यांच्यासारखाच द्या. बिनभोकाचा."