ठणठणीत अँटेना

बायको गेल्यापासून निवृत्त तारमास्तरांची सकाळ हॅम रेडिओवरच्या, म्हणजे हौशी बिनतारी संचावरच्या मित्रांशी बोलण्यात जायची. गेले तीन आठवडे मात्र हाका मारून मारून त्यांचा घसा बसला, तरी कोणी उत्तर देईना.

"तुमची अँटेनाच बिघडली असणार," त्या मित्रांच्या गटातला घड्याळजी म्हणाला आणि त्याने अँटेना तपासायचं स्वतःचं यंत्र, अँटेना अ‍ॅनालायझर, घरी आणून दिलं.

दुखरे गुडघे घेऊन मास्तर गच्चीवर चढले. गंजलेला जोड घासला, केबल बदलली, सोल्डरचा नवा डाग दिला. हातातल्या यंत्रावर आकडा आला, एक पूर्णांक एक दशांश. याहून चांगली अँटेना शोधून सापडली नसती. घाईघाईने खाली येऊन त्यांनी हाक मारली, पण पलीकडे पुन्हा तीच शांतता.

मग ते नुसतंच बटण फिरवत राहिले. जरा पुढच्या फ्रिक्वेन्सीवर सगळी मंडळी सापडली. घड्याळजी बोलत होता.

"इथे कसं निवांत वाटतं. तिकडे रोज वहिनींचं आजारपण आणि तोच दवाखाना. माणसाने ऐकायचं तरी किती?"

कोणीतरी हसलं. मास्तरांनी माईक तोंडापाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

संध्याकाळी ते यंत्र परत करायला गेले.

"काय मास्तर, सापडला का दोष?" घड्याळजीने विचारलं.



"सापडला," मास्तर म्हणाले. "माझ्याच बाजूला होता."