पतीचे नाव

नामपूर गावच्या वेबसाइटचं काम घेतल्यापासून आमच्या ह्यांचा रोज तिकडे फोन. तिथं सुवर्णा नावाची मुलगी कम्प्युटरवर बायकांचे फॉर्म भरायची. 'पतीचे नाव' आलं की बायका लाजून गप्प. मग ती त्यांना उखाणा घ्यायला लावायची आणि त्यातलं नाव टाइप करायची.

"काय डोकं आहे पोरीचं!" जेवताना हे दहादा म्हणायचे. माझ्या कम्प्युटरमधल्या बी.एस्सी.चा विषय कधी निघाला नव्हता.

म्हटलं, बघूच एकदा ही कोण ती. रविवारी स्वराजला कडेवर घेऊन ह्यांच्याबरोबर गेले.

"या वैनी, बसा!" सुवर्णानं उठून मला तिचीच खुर्ची दिली. "नाव घ्या, तुमचाबी फॉर्म भरून टाकू." जमलेल्या बायका हसल्या.

तिचा चेहरा न्याहाळायला आले होते, पण माझी नजर की-बोर्डवरून हलेना.

"तुम्ही ह्याला धरा," मी स्वराजला तिच्याकडे दिलं. "मीच भरते."

तीन वर्षांनी बोटं पुन्हा की-बोर्डवर चालली.

"अहो वैनी, पतीचं नाव राहिलं की!"

मी अजून 'शिक्षण'च्या रकान्यातच होते.