बोटावरचा चिमटा

वडिलांच्या बोटावरचा चिमटा निसटला, की उशाजवळचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र बोंब मारायचं. दिवसातून वीसदा. लेक उठायची, आवाज बंद करायची, चिमटा पुन्हा लावायची. आज कॉलेजचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस. उभा जन्म औषधाच्या दुकानात घालवलेले वडील धापा टाकत म्हणाले, “फार्मसीच घे, पोरी. गोळी बिचारी गुमान काम करते. तुझी यंत्रं म्हणजे नुसता कांगावा!” तेवढं बोलूनच दमले, डोळे मिटून पडले. थोड्या वेळानं यंत्र ओरडलं. “थांबा बाबा, एवढं लिहून लावते,” म्हणत तिनं हात लांबवून न बघताच आवाज बंद केला. बायोमेडिकल इंजिनिअरिंगपुढे खूण केली. ‘हीच शाखा का?’ या रकान्यात लिहिलं, ‘यंत्रांनी खोटं ओरडू नये म्हणून.’ मग चिमटा लावायला वडिलांचा गार हात उचलला. चिमटा बोटावर घट्ट बसलेला होता.