पाहुणे जाईपर्यंत

"अंजूले कायले लपवता, बाबा?" दारात रांगोळी काढता काढता संस्कृतीनं विचारलं.

"घंटा-दोन घंट्याची गोष्ट हाय. पाहुणे गेले का आनतो," म्हणत जानरावांनी धाकट्या लेकीचा हात धरला आणि तिला शेजारच्या सोजरबाईंकडे नेऊन बसवलं.

दहा वर्षांच्या अंजूला ऑटिझम होता. ती बोलत नसे. खुशीत आली की एकाच सुरात गुणगुणे. त्या गुणगुणण्यापायी संस्कृतीची एक जमत आलेली सोयरीक फिसकटली होती. आता ही दुसरी.

शिरपूरहून जगदेवराव आले, सोबत मुलगा हरीओम. त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. संस्कृतीनं पोहे आणले. हरीओमनं त्यातले शेंगदाणे वेचून ताटलीच्या कडेला ओळीनं लावले आणि सोयाबीनच्या वाणांवर बोलायला लागला. कोणतं कधी पेरायचं, कोणत्याला खोडमाशी लागते. चहा निवून गेला, तरी त्याचं संपेना. पोरीकडे मात्र त्यानं मान वर करून पाहिलं नाही.

'अभ्यासू हाय, अन् लाजाळू बी,' जानराव सुखावले.

जगदेवरावांची नजर मात्र सारखी आतल्या दाराकडे जात होती. शेवटी ते म्हणालेच, "तुमाले अजून एक पोरगी हाय म्हनतात. दिसून नाही राह्यली?"

जानरावांनी पोह्यांची ताटली पुढे सरकवली. "ते... मामाच्या घरी गेली."

तेवढ्यात भिंतीपलीकडून गुणगुणणं आलं. सोजरबाईंनी घाईनं टीव्हीचा आवाज वाढवला. गुणगुणणंही वाढलं.

संस्कृतीनं बापाकडे पाहिलं.

जानराव उठले. अंजूला घेऊन आले आणि आपल्याला खेटून बसवलं. "हे माही धाकटी. ऑटिझम हाय तिले. बोलत नाही, पन समजते सारं. मी खोटं बोललो, माफ करा. सोयरीक मोडली तं मोडू द्या. आता नाही लपवत मी इले."

जगदेवरावांनी उपरण्यानं डोळे टिपले.

"मोडाले नाही आलो, व्याहीबुवा. वाशीमले अशा लेकरायच्या शिबिरात तुमाले इची वेणी घालताना पाह्यलं. पोरगी किंचाळे, तुमी थांबत, अन् पुन्हा हळूच फणी लावत. तवाच ठरवलं, पोराचं लगन लावाचं तं याच घरात. आमच्या हरीओमले बी तेच हाय. फरक इतकाच, इचं बोलनं सुरू होत नाही, अन् याचं थांबत नाही."