घरात माणसं किती?

"घरात माणसं किती?" उंबऱ्याशी स्टूल टाकून बसलेल्या कारकुनानं विचारलं.

"दोन. मी आणि सासूबाई."

रसमियाचा आवाज जराही हलला नाही. नवरा, फय्याद, मागच्या खोलीत गव्हाच्या कणगीत मुटकुळं करून बसला होता. आठच दिवस झाले होते. नव्या ज्यू राज्याचे सैनिक गॅलिलीतल्या या गावात शिरले, चौकातून बावीस पुरुष ट्रकमध्ये कोंबले आणि घेऊन गेले. एकाचाही पत्ता नव्हता. आज सकाळपासून संचारबंदी, आणि घरोघर ही शिरगणती. पुरुषांची यादी कशाला हवी असते, हे कळायला का शाळेत जावं लागतं?

कारकून जवळच्याच तिबेरिया शहरातला ज्यू. अरबी अगदी घरच्यासारखी बोलत होता. मेले असलेच गोडबोले जास्त घातकी!

"आणि तुमचा नवरा?"

"लेबनॉनला गेला. उन्हाळ्यातच."

"बाई, नीट आठवून सांगा."

"नवरा कुठं गेला हे आठवावं लागतं होय? बायकोला टाकून पळाला. लिहा तसंच!"

सासू चुळबुळली. "अगं, पण साहेब बरे दिसतात. सांगून टाकावं..."

"सासूबाई, तुम्ही गप्प बसा बघू! यांना मुलाचे सारखे भास होतात हो."

दारातला सैनिक घड्याळ बघत होता. कारकुनानं पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. दोरीवर पुरुषाचा शर्ट वाळत होता, त्याच्याकडे पाहिलं.

"मी झडती घेणार नाही," तो हळूच म्हणाला. "कुणी असेल तर आत्ता सांगा. फक्त नाव लिहीन."

"दोनच."

त्यानं सुस्कारा सोडला. तिच्या जबाबावर तिचा अंगठा घेतला, दोघींच्या नावच्या दोन चिठ्ठ्या दिल्या आणि उठला.

पावलं लांब गेल्यावर फय्याद शिंकत शिंकत कणगीतून बाहेर आला. केसांत, मिशांत गहू. त्या अवतारावर तिघंही पोट धरधरून हसली.

"वाघीण आहे गं माझी सून!" म्हणत सासूनं तिची अलाबला घेतली. रसमियाला तेव्हा कुठं रडू फुटलं.

दुपारी संचारबंदी उठली, तसे गावचे मुख्तार, म्हणजे गावप्रमुख, रसमियाचे सख्खे मामा, धापा टाकत आले.

"चिठ्ठ्या मिळाल्या ना? जिवापाड जपा. फर्मान वाचून दाखवलंय मला. ज्याचं नाव आज लिहिलं गेलं, तो या देशाचा माणूस. ज्याचं नाही, तो सीमेपलीकडून घुसलेला. सापडला की उचलून पलीकडे टाकणार, परत येणं नाही. वह्या बंद करून गाडी गेलीसुद्धा."

मग त्यांचं लक्ष फय्यादकडे गेलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच ते हसले.

"बरं झालं बाबा, तू घरातच होतास. दाखव बघू तुझी चिठ्ठी."