भूल घेण्याआधी

व्हर्लिन स्टकीचं गुडघा बदलायचं ऑपरेशन शुक्रवारी होतं. सर्जन मेडिकेअर घेत होता, हॉस्पिटलही घेत होतं. पण भूल देणारी नर्स म्हाताऱ्यांचा हा सरकारी विमा घेते की नाही, हे अख्ख्या कॅन्ससमध्ये कुणाला सांगता येत नव्हतं, आणि घेत नसेल तर ऑपरेशन रद्द. तीन दिवस तो फोन कानाला लावून, दुखरा पाय ओढत स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता.

"बस की रे एका जागी," बायको नडीन वैतागली. "गुडघ्याआधी फरशी बदलावी लागेल."

बुधवारी हॉस्पिटलच्या बिलिंगमधली पोरगी एकदाची फोनवर सापडली. "नशीबवान आहात हो! आपल्या काउंटीत भूल देणारी एकच आहे, आणि ती मेडिकेअर घेते. लव्होना उन्रू."

व्हर्लिनने फोन ठेवला. "आपली शेजारची लव्होना," तो म्हणाला.

नडीनचा कॉफीचा कप हातातच राहिला. "जिच्या दारात तू नऊ हिवाळे आपल्या अंगणातला बर्फ मशीनने उडवून टाकतोयस, ती?"

"तीच. ती मला झोपवणार आहे."

"झोपवेल रे. प्रश्न उठवण्याचा आहे."

व्हर्लिनने गॅरेजमधून फावडं काढलं, लंगडत लव्होनाच्या दारात गेला आणि घाम पुसत पुसत बर्फ उपसायला लागला. मे महिना होता. बर्फाचा कणही नव्हता.



लव्होनाने खिडकी उघडली. "डावीकडचा राहिला, व्हर्लिन."