पाखऱ्याचे दात

डॉक्टरांनी पाखऱ्या बैलाचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबला आणि दात पाहिले.

"चार दाती. अजून पोरच आहे हे, किसनराव."

"पोरच हाय," किसनराव पाटील म्हणाले. "पण पयते कसं, ते पाहा आता."

चांदूर बाजारच्या अलीकडे, नदीकाठच्या पडीक वावरात शंकरपट भरला होता. बैलजोड्यांची शर्यत पाहायला पंचक्रोशी लोटली होती. तहसीलदार खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात बक्षिसाचं चांदीचं कडं होतं. धावण्याआधी प्रत्येक जोडी सरकारी ढोर-डॉक्टरांनी तपासावी, असा यंदा नवा हुकूम निघाला होता.

डॉक्टरांनी नाक आक्रसलं. "दारूचा वास येतो आहे."

"बैलाचा नाही, साहेब. तुमी सांगतलं तवापासून बैलाले थेंब दाखवला नाही. तो वास धुरकऱ्याचा."

"मग हरकत नाही," डॉक्टर म्हणाले आणि पाखऱ्याच्या गुडघ्यांकडे वळले.

धुरकरी म्हणजे छकडी हाकणारा. किसनरावांचा धुरकरी देवीदास चौदा वर्षांचा होता. हलका धुरकरी असला की छकडी उडते, म्हणून पटात पोरं बसवतात. आणि पोरं भितात, म्हणून त्यांना पाजतात. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. दारूचं दुकान सरकारी परवान्याचं होतं, डॉक्टर सरकारी पगाराचे होते, आणि दोघांची कधी गाठ पडली नव्हती.

भोवती माणसं जमली तसे डॉक्टर जरा मोठ्यानं बोलू लागले. कोवळ्या जनावराला दारू म्हणजे विष. त्याचं काळीज, त्याचा मेंदू अजून घडायचा असतो. आणि मुख्य म्हणजे दारूनं भीती जाते. भीती असते म्हणून जनावर पाय जपून टाकतं. ती गेली की ते आपटलंच समजा.

"बराबर हाय," किसनराव म्हणाले. बैलांच्या बाबतीत ते सुधारक होते.

देवीदासची आई गंगूबाई बोरांची टोपली डोक्यावरून उतरवून ऐकत उभी होती. ती पुढं आली.

"सायेब, हेच जरा माह्या पोट्ट्यासाठी सांगा ना मालकाले. मांगच्या पटाले घोटभर पाजली, तं दोन दिवस भाकर पोटात ठरली नाही त्याच्या."

"घोटभरच पाजली म्हून तं भ्याला," किसनराव म्हणाले. "मधातच कासरा ओढला त्यानं. तिसरा नंबर आला."

गंगूबाई डॉक्टरांकडेच पाहत राहिली.

"मी ढोरांचा डॉक्टर आहे, बाई," डॉक्टर म्हणाले.

लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं देवीदास हसला. तो छकडीवर चढून बसला होता.

"डाक्टरसायेब, माह्ये बी दात पाहा ना. मी किती दाती?"

त्यानं तोंड आ केलं. डॉक्टरांनीही गंमत म्हणून वाकून पाहिलं, आणि वासासरशी मान मागं घेतली.

"उतर बापा," गंगूबाई म्हणाली. "घरी चाल."

"आई, आज मले अजिबात भेव नाही लागून राह्यलं," देवीदास म्हणाला.

एवढ्यात झेंडी पडली.

जोडी अशी सुटली की तहसीलदार खुर्चीवरून उठले. दान, म्हणजे धावायची पट्टी, संपतं तिथं पोरं कासरा ओढतात. तिथून पुढं शेताचा बांध आहे. देवीदास तिथं धावत्या छकडीवर उभा राहिला, कासरा सोडून त्यानं दोन्ही हात वर केले आणि मागं वळून गर्दीत आईला शोधलं. छकडी बांधावर चढली आणि उलटली.

पुकारणाऱ्याला बांध दिसत नव्हता. त्यानं भोंग्यातून पुकारलं, "पयला नंबर, किसनराव पाटील."

डॉक्टर धावत आले. आधी त्यांनी पाखऱ्याचे पुढचे पाय चाचपले, कारण त्यांचं काम ते होतं. खरचटलंसुद्धा नव्हतं. मग ते गंगूबाईजवळ आले. तिनं पोराचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याचं तोंड अजून तसंच उघडं होतं आणि ती पदराच्या टोकानं त्याच्या दातांवरची माती पुसत होती. डॉक्टरांनी मनगट हातात घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि हळूच खाली ठेवलं.

"किती पाजली होती?" त्यांनी विचारलं.

किसनरावांनी कपाळावरचा घाम पुसला.

"जादा नाही, साहेब," ते म्हणाले. "दोघा बैलांले देत होतो, तेवढीच."